‘शेल शेकर’ कशी वाचावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनगटात लीअॅन हाव यांच्या ‘शेल शेकर’ या कादंबरीवर तुम्हाला बोलायचं आहे. पहिलं प्रकरण १७३८ सालचं, पुढचं एकदम १९९१ चं. नावं डोक्यात राहत नाहीत, मेलेली बाई बोलते, आणि त्यातला इतिहास किती खरा हे कळत नाही. हिला जादुई वास्तववाद म्हणून मोकळं व्हावं का, असंही तुम्ही विचारलं आहे.

मी अमेरिकेतल्या मूलनिवासी लेखकांचं साहित्य बरीच वर्षं शिकवते आहे, आणि ही कादंबरी माझ्या फार जवळची आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी वाचनाची दिशा सांगते. ही कादंबरी एका अर्धवट राहिलेल्या अंत्यविधीची आहे आणि तो विधी पुरा व्हायला अडीचशे वर्षं लागतात. हे धरून वाचलीत तर उड्या उड्या वाटत नाहीत. १७३८ ही पार्श्वभूमी आणि १९९१ ही खरी गोष्ट, असं मनात घेतलंत की मात्र घोटाळा होतो. इथे दोन्ही काळ एकाच घरात घडतात, फक्त घर मिसिसिपीतून उठून ओक्लाहोमात गेलेलं असतं.

प्रकरणांच्या माथ्यावरच्या तारखा बघा. पहिलं प्रकरण यानाबी टाउन नावाच्या, चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या गावातलं, २२ सप्टेंबर १७३८, शरद संपात, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असण्याचा दिवस. दुसरं ओक्लाहोमातल्या ड्युरँट शहरातलं, २२ सप्टेंबर १९९१, तोच संपात. लेखिकेने दोन्ही टोकं एका दिवसावर बांधली आहेत. १७३८ मध्ये शाकबातिना नावाची बाई आपल्या मुलीच्या जागी मरण पत्करते. १९९१ मध्ये चॉक्टॉ नेशनचा, म्हणजे ओक्लाहोमातल्या चॉक्टॉंच्या स्वतःच्या शासनाचा, प्रमुख रेडफर्ड मॅकअॅलेस्टर त्याच्या कचेरीत गोळी लागून मरतो, संशय ऑडा बिलीवर येतो आणि तिची आई सुसान बिली पुढे होऊन सांगते की खून मी केला. मुलीसाठी आई. इथे थांबून दोन्ही प्रकरणं पुन्हा वाचा, घाई करू नका. सगळी कादंबरी या दोन आयांच्या मधे ताणलेली आहे.

शाकबातिनाचं मरण नीट कळायला चॉक्टॉंचा जुना कायदा माहीत हवा. आरोप असा आहे की तिची मुलगी अनोलेता हिने आपल्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला मारलं. ती बायको चिकासॉ जमातीची. खुनाबद्दल जीव द्यायचा हा नियम होता, पण तो जीव गुन्हेगाराचाच असला पाहिजे असं नव्हतं. नात्यातलं दुसरं माणूस उभं राहिलं आणि समोरच्यांनी ते मान्य केलं की हिशेब पुरा होत असे, आणि मग युद्धाला कारण उरत नसे. म्हणजे शाकबातिना भावनेच्या भरात जीव देत नाही. ती शांतता राखणाऱ्या इनोलाहता गटातली आहे आणि आपल्या गटाचं काम करते आहे: एक जीव देऊन दोन जमातींमधलं युद्ध टाळते. आता १९९१ मधली सुसान बघा. ती तेच करते, पण तिच्यासमोर ओक्लाहोमाचे पोलीस आणि वकील आहेत. त्यांच्या कायद्यात एकाऐवजी दुसऱ्याने उभं राहायची सोयच नाही, तिचं बोलणं त्यांच्या लेखी एक तर कबुलीजबाब नाही तर खोटी साक्ष. एकच कृती एका कायद्यात तोडगा ठरते आणि दुसऱ्यात गुन्हा. माझ्या मते कादंबरीतली सगळ्यांत धारदार जागा ही आहे, आणि हाव तिथे एका शब्दाचंही भाष्य करत नाहीत.

नात्यांबद्दल मराठी वाचकाला एक सोय आहे. चॉक्टॉंमध्ये मूल आईच्या कुळाचं. बाप प्रेम करील, शिकार आणील, पण मुलांना वळण लावायचा आणि त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार आईच्या भावाचा. इंग्रजीत वाचताना ‘अंकल’ म्हणून हे निसटून जातं. तुम्ही मनात सरळ ‘मामा’ म्हणा. आयझॅक बिली हा ऑडा, अडेर आणि टेमा या तिघी बहिणींचा मामा आहे, आणि घरावर संकट येताच तो का हलतो हे मग वेगळं सांगावं लागत नाही. एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे शाकबातिना, नवरा कोई चिट्टो, मुली अनोलेता आणि हाया, जावई (अनोलेताचा नवरा) रेड शूज. दुसरीकडे सुसान, भाऊ आयझॅक, तिघी मुली (ऑडा चॉक्टॉ नेशनच्या कारभारात, अडेर न्यू ऑर्लीन्समध्ये शेअर दलाल, टेमा डॅलसमध्ये नटी) आणि एके काळी करमणुकीच्या धंद्यात नाव मिळवलेल्या थोरल्या मावश्या डेलोरेस आणि डोव्ही. पण हे माणूस म्हणजे ते माणूस अशा रेघा मारत बसू नका. एकच रेघ लेखिका स्वतः ठळक मारते: मॅकअॅलेस्टरच्या अंगात रेड शूज परत आला आहे.

तर हा रेड शूज. तुमच्या ‘इतिहास किती खरा’ या प्रश्नाचं मोठं उत्तर त्याच्यात आहे.

तो खरा माणूस होता. चॉक्टॉ भाषेत शुलुश होमा. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात चॉक्टॉंचा प्रदेश आजच्या मिसिसिपी राज्यात होता. दक्षिणेला मोबील आणि न्यू ऑर्लीन्स धरून बसलेले फ्रेंच, पूर्वेकडून कॅरोलिनातून माल घेऊन येणारे इंग्रज व्यापारी. फ्रेंच दरवर्षी नेत्यांना भेटी देत, बंदुका आणि दारूगोळा देत आणि त्या बदल्यात चिकासॉंशी लढायला लावत. रेड शूज लढवय्या म्हणून वर आला, नेतेपण त्याच्या घरात चालत आलेलं नव्हतं. फ्रेंचांचा माल कमी पडू लागला तसा तो इंग्रजांकडे झुकला. १७४४ नंतर इंग्रज-फ्रेंच युद्धात समुद्रमार्ग अडले आणि लुइझियाना या फ्रेंच वसाहतीत मालाची टंचाई झाली. (याच युद्धात १७४६ साली फ्रेंचांनी आपल्याकडे मद्रास घेतलं. दोन कंपन्यांमधल्या भांडणात स्थानिक सत्तांनी कुठल्या बाजूला उभं राहायचं हा पेच आपल्याला परका नाही.) १७४६ मध्ये रेड शूजच्या माणसांनी काही फ्रेंचांना मारलं. लुइझियानाचा फ्रेंच गव्हर्नर व्होद्रॉय याने रेड शूजच्या शिराची मागणी केली, बक्षीस लावलं, आणि १७४७ च्या उन्हाळ्यात एका चॉक्टॉ माणसानेच त्याला मारलं. मग भावाभावांत युद्ध पेटलं. १७५० मध्ये तह होईपर्यंत पश्चिमेकडची कितीतरी गावं उद्ध्वस्त झाली होती.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पत्रांतून आणि जेम्स अडेर या इंग्रज व्यापाऱ्याच्या १७७५ च्या ग्रंथातून. फ्रेंचांसाठी रेड शूज गद्दार, जेम्स अडेरसाठी इंग्रजांचा मित्र. त्याच्या सासरच्या बायकांना तो कसा दिसत होता, हे कुठल्याच दप्तरात नाही. हाव नेमक्या त्या मोकळ्या जागी बसून लिहितात. शाकबातिनाचं कुटुंब कल्पित आहे. राजकारण, व्यापार, यादवी मात्र खरी. आणि लेखिकेचा निवाडाही ठाम आहे: परक्याचा माल आपल्या लोकांत वाटता वाटता नेता स्वतःच मालाच्या भुकेला लागला, आणि त्या भुकेने लोकांनाच खाल्लं. १९९१ चा मॅकअॅलेस्टरही असाच सुरू होतो. तरुणपणी हक्कांसाठी झगडलेला, लोकांना उभं करणारा माणूस. मग कॅसिनोचा पैसा येतो आणि माफियाशी हातमिळवणी होते. ऑडावर तो बलात्कार करतो, तेव्हा त्याच्यातला नेता केव्हाच संपलेला असतो.

१९९१ हे साल का, हेही वाचनगटाला सांगा. चॉक्टॉंना कायद्याने संपवायचा घाट फार जुना नाही. १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने चॉक्टॉंशी असलेला सरकारी संबंधच मिटवण्याचा कायदा केला होता. तरुण चॉक्टॉंनी विरोध उभा केला आणि तो कायदा अमलात यायच्या तोंडावर, १९७० मध्ये, रद्द झाला. त्यानंतर कुठे आपला प्रमुख स्वतः निवडण्याचा हक्क परत आला, १९८३ मध्ये नवी राज्यघटना आली, आणि १९८८ मध्ये जमातींच्या जुगारघरांना रीतसर परवानगी देणारा केंद्रीय कायदा झाला. म्हणजे कादंबरीतली माणसं जेमतेम वीस वर्षं पुन्हा स्वतःच्या पायावर उभी आहेत, आणि हातात पहिल्यांदाच भरपूर पैसा आहे. अशा वेळी आपल्याच प्रमुखाने तिजोरी धुऊन काढणं किती खोल लागत असेल! १९९० मध्ये आणखी एक कायदा झाला होता. संग्रहालयांत आणि विद्यापीठांत खोक्यांमध्ये भरून ठेवलेले मूलनिवासींचे अस्थी-अवशेष त्यांच्या वारसांना परत द्यायचा. या कादंबरीत हाडं इतकी का आहेत, त्याला हाही संदर्भ आहे.

हाडांकडे येण्यापूर्वी मधला काळ. १७३८ आणि १९९१ च्या मधलं फार थोडं कादंबरीत येतं. हाव तो इतिहास चॉक्टॉ वाचकाला पाठ आहे असं धरून चालतात. आपल्याला तो भरून घ्यावा लागतो. २७ सप्टेंबर १८३० रोजी डान्सिंग रॅबिट क्रीक इथल्या तहाने चॉक्टॉंची मिसिसिपीतली उरलेली जमीन गेली, सुमारे १ कोटी १० लाख एकर. पुढच्या तीन हिवाळ्यांत हजारो माणसांना मिसिसिपी नदीपार पश्चिमेला धाडलं. थंडी, पटकी, उपासमार. दोन ते अडीच हजार माणसं तरी वाटेत गेली, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. १८३१ च्या हिवाळ्यात फ्रेंच प्रवासी तोकव्हिल मेम्फिसला होता. त्याने लिहून ठेवलंय की माणसं गपचूप होडीत चढली, रडणं नाही की हाक नाही. कुत्री काठावर राहिली. मालक आपल्याला सोडून चाललेत हे कळल्यावर ती विव्हळली आणि बर्फगार पाण्यात उड्या टाकून होडीमागे पोहू लागली. हा उतारा गटात वाचून दाखवा. १७३८ चं यानाबी आणि १९९१ चं ड्युरँट यांच्या मधे ही नदी आहे.

काही चॉक्टॉ मात्र गेलेच नाहीत. त्यांचे वंशज आज मिसिसिपीतच आहेत. तिथेच विन्स्टन परगण्यात नानिह वाया हा मातीचा प्राचीन उंचवटा आहे. चॉक्टॉ त्याला आई मानतात, एका कथेप्रमाणे पहिली माणसं त्याच्यातूनच बाहेर आली. कादंबरीचा शेवट तिथे होतो. (कादंबरी २००१ ची. प्रत्यक्षात ती जागा मिसिसिपीच्या चॉक्टॉंच्या ताब्यात परत आली ती २००८ मध्ये.)

आता हाडं. जुन्या चॉक्टॉ रिवाजात मृतदेह लगेच पुरत नसत. घराजवळ लाकडी मचाण उभारून, झाकून, काही महिने ठेवत. मग अस्थी सावडणारा येई. हे मानाचं काम होतं, त्यासाठी बोटांची नखं वाढवलेली असत. तो उरलेलं मांस बोटांनी सोडवी, हाडं स्वच्छ करून नातलगांच्या हाती देई, मग जेवण होई, आणि हाडं पेटीत घालून गावच्या अस्थिघरात ठेवली जात. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी हे लिहून ठेवलं, आणि बहुतेकांनी नाक मुरडत. हाव यांच्या कादंबरीत शाकबातिनाच्या अस्थी सावडायला तिचा नवरा कोई चिट्टोच उभा राहतो. तो नाचतो, तिला शेवटचं भेटतो, आणि तिला देहातून मोकळं करतो. किळस येईल अशा भीतीने पुष्कळ विद्यार्थी हे प्रकरण भराभर उलटतात. असं करू नका. यात शृंगार आहे, शोक आहे, हातांचं कसब आहे, आणि तिन्ही वेगळे काढता येत नाहीत. कादंबरीतलं मला सर्वांत आवडणारं प्रकरण हेच.

हे वाचलंत की शेवट समजतो. मॅकअॅलेस्टर नालायक होता, त्याला मारलं, संपलं, असं बिली घराण्याला करता येत नाही. रेड शूजच्या वेळी लोकांनी तेच केलं होतं, आणि तो भुकेला आत्मा फिरत राहिला. म्हणून ज्याने आपल्याला लुटलं आणि ज्याने घरातल्या मुलीची विटंबना केली, त्याचाही अंत्यविधी रीतीप्रमाणे करायचा, त्याला आईच्या कुशीत नानिह वायाला न्यायचं, तिथे माती टाकायची. डेलोरेस मावशी हे अंगावर घेते. एवढं मोठं मन का दाखवायचं, असा प्रश्न तुमच्या गटात उठेलच. माझं मत असं की इथे क्षमा आहेच असं नाही. हा कारभार आहे. मेलेल्याची नीट व्यवस्था केली नाही तर तो पुढच्या पिढीच्या मानगुटीवर बसतो, हे या लोकांनी एकदा भोगलेलं आहे.

म्हणूनच ‘जादुई वास्तववाद’ हे लेबल मी लावत नाही आणि तुम्हीही लावू नये असं वाटतं. त्या शब्दात गृहीत धरलेलं असतं की वास्तव एक आणि जादू वरून मिसळलेली. चॉक्टॉंच्या जुन्या समजुतीप्रमाणे माणसाला दोन सावल्या असतात. शिलप मेल्यावर मृतांच्या प्रदेशात जाते आणि शिलोम्बिश घराच्या आसपास राहते. शाकबातिना मेल्यावर बोलते, वाट बघते, वंशजांच्या कामात हात घालते, ते या हिशेबाने अगदी सरळ वास्तव आहे. हाव यांनी स्वतः आपल्या पद्धतीला ‘ट्रायबलोग्राफी’ म्हटलं आहे: लोक, जमीन, पूर्वज आणि येणाऱ्या पिढ्या यांना एकत्र गुंफून गोष्ट सांगायची, आणि ती गोष्टच लोकांना राष्ट्र म्हणून उभं करते. तुम्हाला बोलताना एखादी संज्ञा हवीच असेल तर ती वापरा.

शीर्षकाबद्दल एवढंच. शेल शेकर म्हणजे पायांना कासवाच्या कवच्या बांधून नाचणारी बाई. कवचीत खडे असतात, पाऊल पडलं की ताल उमटतो. कादंबरीत ही परंपरा थेट १५४० पर्यंत मागे नेली आहे, स्पॅनिश सरदार दे सोतो आणि मूलनिवासी प्रमुख तस्कालुसा यांच्यात माबिला इथे लढाई झाली तिथवर. आजही ओक्लाहोमातल्या मस्कोगी आणि सेमिनोल लोकांच्या स्टॉम्प नाचात बायका हा ताल धरतात, आणि पुष्कळजणी कवच्यांऐवजी दुधाचे रिकामे पत्र्याचे डबे खडे भरून बांधतात. गायक पुरुष असतात, पण बायकांच्या पायांशिवाय गाणं पुढे सरकत नाही. कादंबरीत बायकांची जागा कोणती, हे यात आलं.

कादंबरी निर्दोष आहे का? नाही. माफियाचं उपकथानक गर्दी करतं. मॅकअॅलेस्टर आयर्लंडमधल्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेला पैसे पोचवतो, हा धागा पहिल्या वाचनात ओढूनताणून आणलेला वाटतो. त्यामागचा खरा प्रसंग माहीत असला तर तो थोडा सुसह्य होतो. १८४७ मध्ये, स्वतः देशोधडीला लागून पंधरा-सोळा वर्षंच झालेली असताना, चॉक्टॉंनी आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांसाठी वर्गणी काढली. रक्कम १७० डॉलर सांगितली जाते. आयर्लंड ते विसरलेलं नाही, कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला पोलादी पिसांचं भव्य स्मारक उभं आहे. मॅकअॅलेस्टर हेच नातं शस्त्रांसाठी वापरतो. म्हणजे पूर्वजांचं सर्वांत निर्मळ दानसुद्धा तो नासवतो. कल्पना जबरदस्त आहे, पण पानांवर ती पुरती उतरलेली नाही असं मला अजूनही वाटतं. शेवटाकडे माणसंही फार भराभर एकत्र येतात.

गटासाठी सल्ला विचारलात म्हणून सांगते. पहिल्या बैठकीत फक्त पहिली दोन प्रकरणं घ्या, मोठ्याने वाचा. रेड शूजची हकीकत आणि १८३० चा तह तुम्ही दहा मिनिटांत सांगा, जास्त नको. दुसऱ्या बैठकीत कोई चिट्टोचं अस्थी सावडण्याचं प्रकरण आणि शेवटचा अंत्यविधी शेजारी शेजारी ठेवा. खून कोणी केला हे मी मुद्दाम सांगितलेलं नाही, तुम्हीही कुणाला आधी सांगू नका. आपल्याकडच्या आदिवासी साहित्याशी तुलना करायचा मोह होईल. करा, पण जमीन, जंगल, विस्थापन एवढ्या मोठ्या शब्दांवर भागवू नका. चॉक्टॉ हे तह केलेलं राष्ट्र आहे, त्याला स्वतःची घटना, न्यायालय आणि निवडणुका आहेत. आपल्याकडच्या जमातींचं राज्यसंस्थेशी नातं वेगळ्या कायद्यांतून घडलंय. हा फरक मांडून मग साम्य शोधा. आणि बोलताना ‘रेड इंडियन’ हा मराठीत रुळलेला शब्द टाळून चॉक्टॉच म्हणा. या कादंबरीत चिकासॉही आहेत, आणि सगळ्यांना एका नावात कोंबलं तर अनोलेतावरचा आरोप कुणी केला आणि युद्ध कुणाशी होणार होतं हेच कळायचं नाही.

गटाला गोडी लागली तर पुढे हाव यांचीच २००७ ची ‘मिको किंग्ज’ घ्या. तिच्यात ओक्लाहोमा राज्य होण्याच्या आसपासचा मूलनिवासींचा बेसबॉल संघ आहे, आणि तिथेही दोन काळ एकमेकांशी बोलतात. ती आकाराने आटोपशीर आहे, माणसंही कमी आहेत. ‘शेल शेकर’ पचल्यावर ती सहज जाईल.